शोथाचा प्रशम : डी-युबिक्विटिनेज विकरे आणि आमवाताचे निदान



भिवापूरची मिरची ही आपल्या परिसराची ओळख होय. तिला भौगोलिक मानांकनही लाभले आहे. हंगामाच्या दिवसांत सातऱ्यावर बसून दिवसभर मिरचीचे देठ खुडणाऱ्या भगिनी सायंकाळी हातांच्या दाहाची तक्रार घेऊन येतात. हात आरक्त होतात, आग होते आणि काही तासांनी सर्व शांत होते. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य मज्जातंतूंवरील ज्या ग्राहीस जागे करते, तो ग्राही १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत ओळखला गेला. या कार्यासाठी त्यांना २०२१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा दाह मुख्यतः मज्जातंतूंचा असल्यामुळे हेतू दूर होताच तो ओसरतो.

परंतु त्याच हातास काटा लागून जंतुसंसर्ग झाला, तर उद्भवणारा शोथ निराळ्या जातीचा असतो. तेथे पेशी जागृत होतात, रक्तातून भक्षक पेशी धावून येतात, राग, शोफ, रुजा आणि उष्मा दिसू लागतात. हा शोथ केवळ हेतू संपल्याने विझत नाही. शरीराला तो विझवावा लागतो, आणि त्यासाठी शरीरात स्वतंत्र यंत्रणा आहे. या यंत्रणेतील एका महत्त्वाच्या विकरसमूहाचा, म्हणजे डी-युबिक्विटिनेज विकरांचा, परिचय करून देणे आणि आपल्या नित्य चिकित्सेत त्या ज्ञानाचा उपयोग कोठे होतो व कोठे होत नाही याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. (आधुनिक शास्त्रातील 'इन्फ्लमेशन' या अर्थी येथे 'शोथ' हा शब्द योजला आहे. दोन्ही संज्ञांची व्याप्ती तंतोतंत सारखी नाही, हे वाचकांनी ध्यानी ठेवावे.)

युबिक्विटिन : पेशीतील खूण

युबिक्विटिन हे अवघ्या ७६ अमिनो आम्लांचे एक लहानसे प्रथिन आहे. १९७५ साली ते प्रथम वर्णिले गेले. पेशी दुसऱ्या एखाद्या प्रथिनावर हे प्रथिन जोडते. बाजारात गोणीवर जशी खूण करतात आणि त्या खुणेवरून गोणी कोठे जायची ते ठरते, तसाच हा प्रकार आहे. ही खूण जोडण्याचे काम तीन प्रकारची विकरे क्रमाने करतात. पहिले युबिक्विटिनला कार्यक्षम करते, दुसरे ते वाहून नेते आणि तिसरे ते नेमक्या प्रथिनावर बसवते. तिसऱ्या प्रकारची विकरे मानवी पेशीत सहाशेच्या आसपास आहेत, यावरून निवड किती काटेकोर असते ते कळते. खूण झालेल्या प्रथिनांचा नाश प्रोटिअसोम नावाच्या पिंपाच्या आकाराच्या रचनेत होतो. या शोधासाठी आरॉन चिखानोव्हर, आव्राम हर्श्को आणि अर्विन रोझ यांना २००४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

पुढील संशोधनात असे आढळले, की ही खूण केवळ नाशाची नाही. युबिक्विटिनवर आणखी युबिक्विटिन जोडले जाऊन साखळी तयार होते. सात लायसिन आणि आरंभीचे मेथिओनिन, अशा आठ ठिकाणी ही जोडणी होऊ शकते. ४८व्या लायसिनवरून झालेली साखळी बहुधा 'हे प्रथिन नष्ट करा' असे सांगते. ६३व्या लायसिनवरून झालेली साखळी 'येथे एकत्र या आणि संदेश पुढे न्या' असे सांगते. मेथिओनिनवरून झालेली सरळ साखळीही संदेशवहनासाठीच असते. अक्षरे तीच असली तरी जोडणी बदलताच अर्थ बदलतो, हे आपणांस संधिनियमांच्या अभ्यासामुळे चटकन उमगावे.

खूण जोडणारी विकरे आहेत, तशीच ती काढणारीही आहेत. हीच डी-युबिक्विटिनेज विकरे होत. मानवात ती सुमारे शंभर आहेत आणि रचनेनुसार त्यांची सात कुळे मानली जातात. त्यांतील एका कुळाच्या विकरांना कार्यासाठी जस्ताची आवश्यकता असते. उर्वरित सहा कुळांतील विकरे सिस्टीन या अमिनो आम्लाच्या साहाय्याने साखळी तोडतात. सिस्टीनचा हा तपशील पुढे हळदीच्या संदर्भात उपयोगी पडेल.

शोथ कसा चेततो

१९८६ साली रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी एनएफ-कॅपा-बी या प्रथिनाचा शोध लावला. शोथाशी संबंधित शेकडो जनुके या प्रथिनाच्या आज्ञेने कार्यान्वित होतात. स्वस्थ पेशीत ते एका निरोधक प्रथिनाने बांधलेले, केंद्रकाच्या बाहेर निद्रिस्त असते.

टीएनएफ हे शोथजनक द्रव्य पेशीच्या ग्राहीवर येऊन बसले म्हणजे पुढील क्रम घडतो.

१) ग्राहीच्या आतील टोकाशी काही प्रथिने गोळा होतात. त्यांतील एका प्रमुख प्रथिनावर ६३व्या लायसिनच्या आणि सरळ अशा दोन्ही साखळ्या जोडल्या जातात.

२) या साखळ्यांना धरून संदेशवाहक विकरे एकमेकांजवळ येतात आणि जागृत होतात.

३) ती निरोधक प्रथिनावर फॉस्फेट जोडतात. त्यामुळे त्याच्यावर ४८व्या लायसिनची, म्हणजे नाशाची, खूण बसते आणि प्रोटिअसोममध्ये त्याचा नाश होतो.

४) मोकळे झालेले एनएफ-कॅपा-बी केंद्रकात शिरून टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ इत्यादी द्रव्यांची निर्मिती सुरू करते.

जंतूंच्या घटकांना ओळखणाऱ्या ग्राहींपासून, उदाहरणार्थ टीएलआर-४ पासून, निघणारा मार्गही थोड्या फरकाने येथेच येऊन मिळतो. टीएनएफने चेतलेली पेशी पुन्हा टीएनएफ निर्माण करते, म्हणजे आगीतूनच आगीला सरपण मिळत राहते. असे असता प्रत्येक ज्वर, प्रत्येक व्रण प्राणघातक का ठरत नाही?

शोथ कसा शमतो

याचे उत्तर असे, की एनएफ-कॅपा-बी ज्या जनुकांना जागे करते त्यांतच शोथ विझवणाऱ्या प्रथिनांची जनुकेही आहेत. त्यांपैकी ए-२० हे प्रथिन सर्वाधिक अभ्यासले गेले आहे. केनियात जन्मलेले भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ विश्व दीक्षित यांच्या गटाने १९९० साली त्याचे जनुक वेगळे केले. २००४ साली त्यांच्याच गटाने दाखवले, की ए-२० चे एक अंग संदेशाची ६३वी साखळी काढते आणि दुसरे अंग त्याच प्रथिनावर नाशाची ४८वी साखळी जोडते. चुलीतील लाकूड मागे ओढून त्यावर राख घालावी, तसे हे दुहेरी कार्य आहे. त्यानंतरच्या प्रयोगांत असे दिसले, की ए-२० चे साखळी तोडणारे अंग निकामी केलेले उंदीर बव्हंशी निरोगी राहतात. उलट सरळ साखळीला धरून ठेवणारे त्याचे अंग बिघडले तर गंभीर शोथ होतो. म्हणजे ए-२० केवळ तोडून नव्हे, तर साखळी अडवून धरूनही संदेश थांबवते.

सीवायएलडी हे दुसरे विकर ६३व्या व सरळ साखळ्या तोडते. २००३ साली ते एनएफ-कॅपा-बीचे नियंत्रक असल्याचे सिद्ध झाले. ओट्युलिन हे तिसरे विकर केवळ सरळ साखळ्याच तोडते. याउलट काही डी-युबिक्विटिनेज विकरे शोथ वाढवतात. उदाहरणार्थ, इंटरल्यूकिन-१ मुक्त करणाऱ्या एनएलआरपी-३ या प्रथिनावरील खूण बीआरसीसी-३ हे विकर काढते आणि त्यामुळेच ते कार्यक्षम होते. तेव्हा 'डी-युबिक्विटिनेज म्हणजे शोथशामक' असे सरसकट समीकरण मांडता येणार नाही. कोणत्या प्रथिनावरून कोणती खूण काढली, यावर परिणाम ठरतो.

जंतूंनीही या यंत्रणेचा लाभ उठवला आहे. कोविड-१९ च्या विषाणूचे एक विकर स्वतःची प्रथिने कापण्याबरोबरच मानवी प्रथिनांवरील युबिक्विटिन आणि त्यासारख्याच आयएसजी-१५ या खुणाही काढून टाकते. त्यामुळे पेशीचा आरंभीचा इशाराच मंदावतो.

प्रशमयंत्रणा बिघडली असता

२००० साली ए-२० नसलेल्या उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ते उंदीर अनेक अवयवांतील शोथाने व क्षीणतेने अल्पवयातच मेले. २०११ साली असे दिसले, की केवळ भक्षक पेशींच्या वर्गातून ए-२० काढले तरी उंदरांस आपोआप अनेक संधींचा शोथ होतो. मानवात ए-२० जनुकाच्या परिसरातील भेद आमवाताशी तुल्य असणारा संधिवाताभ, ल्यूपस व सोरायसिस या व्याधींच्या प्रवृत्तीशी निगडित आढळले आहेत.

२०१६ साली ए-२० च्या दोन प्रतींपैकी एक निकामी असलेली कुटुंबे वर्णिली गेली. बालवयापासून वारंवार ज्वर, मुखपाक, गुह्यभागी व्रण, संधिशोथ आणि आंत्रशोथ हे त्यांचे लक्षणसमूह होत. त्याच वर्षी ओट्युलिनच्या अभावाने होणारी व्याधी वर्णिली गेली. तीत तान्ह्या वयातच ज्वर, अतिसार, त्वचेखालील मेदाचा शोथ दिसतो आणि टीएनएफविरोधी औषधाने उपशय मिळतो. या व्याधी विरळ आहेत. परंतु वारंवार मुखपाक व ज्वर होणारे, वाढ खुंटलेले बालक केवळ पित्तप्रकोप म्हणून वर्षानुवर्षे आपल्याकडे येत असेल, तर त्याला बालसंधिरोग वा प्रतिकारशक्तीच्या तज्ज्ञांकडे पाठवणे हे आपले कर्तव्य ठरते.

आयुर्वेदीय विचाराशी अनुबंध

दोषांच्या चय, प्रकोप आणि प्रशम या अवस्था आपणांस परिचित आहेत. सुश्रुताचार्यांनी षट्क्रियाकालात व्याधीची वाटचाल सहा टप्प्यांत सांगितली, तर चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २८व्या अध्यायात व्याधिक्षमत्वाचा विचार मांडला. प्रशम ही केवळ प्रकोपाची अनुपस्थिती नसून ती एक स्वतंत्र अवस्था आहे, ही दृष्टी वरील संशोधनाशी जुळते आणि म्हणूनच हा विषय आपणांस परका वाटू नये.

तथापि येथे थांबणे आवश्यक आहे. ए-२० म्हणजे प्रशम, एनएफ-कॅपा-बी म्हणजे पित्त, युबिक्विटिन म्हणजे आम, अशी समीकरणे मांडण्याचा मोह अनेक लेखांत दिसतो. आचार्यांनी रुग्णाच्या पातळीवर निरीक्षण केले, रेणुशास्त्र पेशीच्या पातळीवर करते. दोहोंत साम्य आढळणे उद्बोधक आहे, पण साम्य म्हणजे प्रमाण नव्हे. आपल्या शास्त्रास अशा उसन्या पुराव्याची गरज नाही.

हळदीचे उदाहरण

शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील वायगावची हळद प्रसिद्ध आहे. हळदीच्या व्रणरोपणाच्या गुणावर अमेरिकेत १९९५ साली दिलेले पेटंट, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने लढा देऊन १९९७ साली रद्द करवून घेतले, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु अभिमानाबरोबर विवेकही हवा.

हळदीतील कर्क्युमिन प्रयोगशाळेत एनएफ-कॅपा-बीस रोखते, असे १९९५ पासून सांगितले जाते. या विषयावर विपुल लेखन करणाऱ्या एका अमेरिकास्थित प्रयोगशाळेचे अनेक शोधनिबंध पुढे मागे घेण्यात आले, हेही आपणांस ठाऊक असावे. २००२ साली कर्क्युमिनसारखी रसायने डी-युबिक्विटिनेज विकरांना निरुद्ध करतात असे दाखवले गेले. याचे कारण त्यांच्या रचनेतील एक क्रियाशील भाग सिस्टीनशी संयोग पावू शकतो. आता विचार करा : जे द्रव्य शोथ शमवणाऱ्या विकरांनाही निरुद्ध करू शकते, त्याचा अंतिम परिणाम केवळ परीक्षानलिकेवरून कसा सांगता येईल? २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या औषधी रसायनशास्त्राच्या एका विस्तृत आढाव्याने दाखवले, की कर्क्युमिन अस्थिर आहे, त्याचे शोषण अत्यल्प होते आणि अनेक चाचण्यांत ते फसवे निष्कर्ष देते.

व्यवहारातील मुद्दा असा. मिरीतील पिपरीनबरोबर दिल्यास कर्क्युमिनचे शोषण मनुष्यात वीसपट वाढते, असे १९९८ साली बंगळुरू येथील अभ्यासात दिसले. त्यावर आधारित तीव्र मात्रेच्या कॅप्सूल आज सर्वत्र विकल्या जातात आणि अशा पूरक आहाराने यकृतशोथ झाल्याचे रुग्ण इटली व अमेरिकेत नोंदले गेले आहेत. स्वयंपाकातील वा आपल्या कल्पांतील हळद आणि हे अर्कद्रव्य एक नव्हे. रुग्णास कामला दिसल्यास 'कोणत्या गोळ्या स्वतःहून घेता?' हा प्रश्न अवश्य विचारावा.

आमवात की सिकलसेल?

आता आपल्या भागाच्या दृष्टीने सर्वाधिक महत्त्वाचा विषय.

प्रस्तुत लेखकाच्या व्यवसायाच्या आरंभीच्या काळात अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा संधिशूल, ज्वर, अरुची व अंगगौरव या लक्षणांसह आला. जानुसंधी व मणिबंध शोथयुक्त होते. आमवाताचे निदान करून लंघन, वालुकास्वेद आणि एरंडतेलाचे विरेचन योजले. तिसऱ्या दिवशी मुलगा मांड्यांतील व पाठीतील असह्य वेदनांनी आक्रंदू लागला. नागपूरला नेल्यावर शिरेतून द्रव दिले गेले, रक्ततपासणी झाली आणि सिकलसेल व्याधी असल्याचे कळले. सुदैवाने मुलगा बरा होऊन परतला. चिकित्सासूत्र ग्रंथोक्तच होते, परंतु निदान चुकले होते. माधवकरांनी वर्णिलेली आमवाताची बाह्य लक्षणे दिसली आणि पांडुत्व व नेत्रांतील पीतता यांकडे दुर्लक्ष झाले, ही चूक सर्वस्वी लेखकाची.

सिकलसेल व्याधीत ऑक्सिजन व पाण्याचे प्रमाण घटले की लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात व सूक्ष्म रक्तवाहिन्या अडवतात. म्हणून लंघन, स्वेदन आणि विरेचन, म्हणजे आमवातातील प्रमुख उपक्रमच, येथे वेदनेच्या वेगास आमंत्रण देतात. शिवाय या पेशी फुटून मुक्त होणारे हीम टीएलआर-४ या ग्राहीस चेतवते, असे २०१४ साली उंदरांवरील प्रयोगांत सिद्ध झाले. म्हणजे तेथेही तोच युबिक्विटिनचा मार्ग पेटतो.

यावरून संधिशोथाच्या तीन परिस्थिती वेगळ्या करता येतात.

१) आमवात (संधिवाताभ) : अनेक हेतूंच्या संयोगाने प्रशमयंत्रणा अपुरी पडते. बहुधा प्रौढ वय, स्त्रियांत अधिक, लहान संधींचा दोन्ही बाजूंस सारखा शोथ, सकाळी दीर्घकाळ स्तब्धता.

२) ए-२० सारख्या जनुकांचा दोष : प्रशमयंत्रणा जन्मतःच उणी. बालवय, वारंवार ज्वर व मुखपाक, कुटुंबात तशीच लक्षणे. ही स्थिती विरळ.

३) सिकलसेल : प्रशमयंत्रणेच्या जनुकांत दोष नाही, परंतु शोथाचे सरपण सतत पडत राहते. बालवयापासून वेगावेगाने येणारा अस्थिशूल, पांडुत्व, कामला, प्लीहावृद्धी, तान्ह्या बालकांत हातापायांची सूज, कुटुंबात इतिहास. आपल्या भागात ही स्थिती विरळ नाही.

तिन्हींमध्ये संधी सारखेच सुजलेले दिसतात, पण चिकित्सा सर्वस्वी भिन्न असते. १९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली संधिविकारांचे ग्रामीण सर्वेक्षण सुरू झाले. तेथेही संधिशूलाच्या तक्रारी विपुल आढळल्या, पण संधिवाताभ सुमारे अर्धा टक्का लोकांतच होता. प्रत्येक सुजलेला संधी आमवाताचा नसतो, हा त्यातून घेण्याचा बोध.

चिकित्सकांस काही सूचना

१) विदर्भातील कोणत्याही बालकास वा तरुणास संधिशूल व पांडुत्व एकत्र असल्यास शोधनापूर्वी सिकलसेलची विद्राव्यता चाचणी करून घ्यावी. ती सकारात्मक आल्यास इलेक्ट्रोफोरेसिस वा एचपीएलसी तपासणीने वाहक की रुग्ण हे निश्चित करावे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानांतर्गत या तपासणीवर भर देण्यात आला आहे.

२) सिकलसेलच्या ज्ञात रुग्णास लंघन, तीव्र स्वेदन व विरेचन देऊ नये. भरपूर द्रवपान, उष्ण-शीतापासून रक्षण आणि ज्वर येताच त्वरित रुग्णालय, हे पथ्य कुटुंबीयांस समजावून सांगावे. हायड्रॉक्सीयुरिया चालू असल्यास ते बंद करण्याचा सल्ला देऊ नये.

३) संधिवाताभाच्या रुग्णाची स्टेरॉइड औषधे एकाएकी थांबवू नयेत. टीएनएफविरोधी औषधे घेणाऱ्या रुग्णास जीर्णज्वर वा कास असल्यास क्षयाची शंका घ्यावी, कारण शोथ रोखताना जंतुरक्षणही उणे होते.

४) डी-युबिक्विटिनेज विकरांवरील औषधांचे संशोधन चालू आहे. एखादे वनौषधी उत्पादन 'ए-२० वाढवते' अशी जाहिरात दिसल्यास मनुष्यावरील पुरावा मागावा.

प्रकोप दिसतो, बोलतो, रुग्णास आपल्या दारी आणतो. प्रशम मात्र निःशब्दपणे घडत असतो, आणि ज्याला आपण स्वास्थ्य म्हणतो ते बहुतांशी त्याच्याच बळावर उभे असते. त्याचे सूक्ष्म व्यापार समजून घेतले तर आपल्या चिकित्सेची शक्ती व मर्यादा दोन्ही अधिक स्पष्ट होतील. तोपर्यंत, एरंडतेलाची बाटली उचलण्यापूर्वी त्या बालकाच्या डोळ्यांत एकदा पाहावे आणि रक्ताचा एक थेंब तपासावा, एवढीच विनंती.